प्रोस्टेटचं जुनं दुखणं : दवाखाने बदलतात, फाईल मात्र घरीच राहते

समजा, वडगावात यंत्रमागावर काम करणारा चाळिशीतला एक माणूस आहे. पाच-सहा महिने झाले, लघवीला जळजळ होते. जास्त वेळ बसलं की खाली, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. मग बेळगावात कोणी ओळखीचं भेटायला नको म्हणून हा गडी मिरजेला गेला. तिथं दहा दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या. त्याही संपल्या. मेव्हणा गोव्यात असतो म्हणून सुट्टीत तिकडे गेला, तिथं आणखी एक कोर्स. शेवटी बसस्टँडजवळच्या लॉजवर आठवड्यातून एकदा येणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे आठ हजार रुपये मोजून आला.

हा माणूस मी रचलेला आहे. पण सीमाभागात राहणाऱ्या कुणालाही तो अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे तीन राज्यांचे दवाखाने दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहेत. एरवी ही सोयच म्हणायची. या एका दुखण्यात मात्र तीच सोय नडते. माणूस राज्य बदलतो, डॉक्टर बदलतो, आणि आधीच्या चिठ्ठ्या घरी कपाटात साडीखाली दडवून जातो. नव्या डॉक्टरांना आधी काय झालं ते माहीत नसतं, त्यामुळे तेही पहिल्यापासून सुरू करतात. म्हणजे पुन्हा अँटिबायोटिक.

या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. हा खरंच जंतुसंसर्ग आहे का?

ही ग्रंथी आहे कुठं

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या बरोबर खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तरुण माणसात वजन साधारण २० ग्रॅम. लघवीची नळी तिच्या मधून जाते, आणि वीर्यातला पातळ द्रव काही प्रमाणात इथं तयार होतो. म्हणून ही ग्रंथी बिघडली की तक्रारी दोन्हीकडच्या येतात. लघवी अडखळते, घाईनं लागते, जळजळते. वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर दुखतं. कंबर, जांघ, ओटीपोट, इंद्रियाचं टोक, कुठंही कळ जाऊ शकते. प्रोस्टेट म्हटलं की म्हातारपणी वाढणारी ग्रंथी एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण ती वाढण्याचा आजार वेगळा. प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेटची सूज किंवा दाह, हा पंचवीस-तिशीतल्या पोरालाही होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९५ मध्ये या आजाराची चार प्रकारांत विभागणी केली आणि आजही जगभर डॉक्टर तीच वापरतात. पहिला प्रकार अचानक येणारा तीव्र संसर्ग. थंडी वाजून ताप, लघवीला भयंकर त्रास, कधी लघवी पूर्ण तुंबते. दुसरा, जंतूंमुळे होणारा जुनाट प्रकार, यात तोच जंतू पुन्हा पुन्हा लघवीत सापडतो. तिसऱ्यात दुखणं महिनोन्‌महिने असतं, पण जंतू सापडत नाही. चौथ्यात तपासणीत सूज दिसते पण माणसाला काहीच त्रास नसतो, त्याला सहसा उपचार लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. जुनाट त्रास घेऊन येणाऱ्या दहा जणांतल्या जवळजवळ नऊ जणांना तिसरा प्रकार असतो. म्हणजे दुखणं खरं, त्रास खरा, पण मारायला जंतूच नाही. आणि नेमका याच लोकांना एकामागून एक अँटिबायोटिकचा मारा सहन करावा लागतो.

मग पहिल्या गोळ्यांनी बरं का वाटलं? हा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. यातल्या काही अँटिबायोटिकना सूज आणि दुखणं थोडं कमी करण्याचा गुणही असतो. शिवाय हे दुखणं मुळातच चढ-उताराचं आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार असतोच. गोळीला श्रेय मिळतं, आणि पुढच्या वेळी तीच गोळी मेडिकलमधून परस्पर आणली जाते.

गोळीच्या आधी बाटली

दुसरा प्रकार आहे की तिसरा, हे ओळखण्याचा मार्ग लघवीच्या कल्चरमधून जातो. कल्चर म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचा आणि कोणत्या औषधाला तो दबतो हे तपासायचं. साध्या लघवी तपासणीत पू-पेशी किती आहेत एवढंच कळतं, जंतू कोणता ते कळत नाही. दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत. ‘युरिन केली आहे’ असं सांगताना कोणती केली ते रिपोर्ट दाखवूनच सांगावं.

प्रोस्टेटसाठी खास पद्धत आहे. १९६८ मध्ये मिअर्स आणि स्टेमी या दोन डॉक्टरांनी चार बाटल्यांची तपासणी सांगितली. ती खटपटीची असल्यामुळे आता बहुतेक ठिकाणी दोन बाटल्यांवर भागवतात. आधी लघवीच्या मधल्या धारेचा नमुना घ्यायचा. मग डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट हलकेच दाबतात, आणि लगेच नंतरची लघवी दुसऱ्या बाटलीत. पहिल्या बाटलीत जंतू नाही किंवा अगदी थोडा आणि दुसऱ्या बाटलीत कितीतरी पटीनं जास्त, तर जंतूचं घर प्रोस्टेटमध्ये आहे. दोन्हीत काहीच नाही, तर तिसरा प्रकार धरायचा.

बोट घालून तपासायचं म्हटल्यावर अर्धे लोक तिथूनच परत फिरतात. मिनिटभराचं काम असतं, थोडं अवघड वाटतं, लाज वाटते, पण त्या एका मिनिटात डॉक्टरांना ग्रंथी दुखरी आहे का, कडक आहे का, आजूबाजूचे स्नायू आवळलेले आहेत का, हे सगळं कळतं. फक्त एक अट. थंडी वाजून ताप असेल तर प्रोस्टेट दाबायची नसते, जंतू रक्तात पसरण्याची भीती असते.

आणि कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायची. दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेली कल्चर ‘नो ग्रोथ’ येऊ शकते आणि मग पुढचं सगळं गणित चुकतं. आपल्या त्या वडगावच्या माणसाच्या बाबतीत हेच झालं असतं. मिरजेला गेला तेव्हा बेळगावच्या गोळ्या चालू, गोव्याला गेला तेव्हा मिरजेच्या. खरा रिपोर्ट मिळणार कधी?

वीर्याची कल्चर हा आणखी एक घोळ. मूल होत नाही म्हणून तपासणी केली, त्यात कुठला तरी जंतू ‘उगवला’, आणि नवरा-बायको दोघांना महिनाभर गोळ्या, असं सर्रास चालतं. हाताच्या कातडीवर, मूत्रनळीच्या तोंडाशी निरुपद्रवी जंतू नेहमीच असतात, ते नमुन्यात उतरतात. त्रास काही नाही, पू-पेशी नाहीत, आणि नुसता असा जंतू दिसला, तर त्याला संसर्ग म्हणायच्या आधी मूत्रविकार तज्ज्ञांना विचारलेलं बरं.

जंतू सापडला तर

तर मात्र उपचार लांबलचक असतो आणि तो अर्धवट सोडून चालत नाही. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला जंतू. प्रोस्टेटमध्ये औषध सहजासहजी शिरत नाही. रक्तातून ग्रंथीत जाताना आड एक पडदा असतो, त्यातून ठरावीकच औषधं पार होतात. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन ही त्यातली नेहमीची नावं. लघवीच्या संसर्गाला नेहमी दिली जाणारी नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात छान काम करते, पण प्रोस्टेटच्या आत पुरेशी पोचत नाही. म्हणून पाच दिवसांच्या कोर्सनं मूत्राशय साफ होतं, जंतू प्रोस्टेटमध्ये दडून राहतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाली येतो. जुनाट जंतुसंसर्गाला साधारण चार ते सहा आठवडे औषध लागतं. आपल्या देशात ई. कोलाय बऱ्याच औषधांना दाद देईनासा झालाय, तेव्हा कोणतं औषध हे कल्चरच्या रिपोर्टवरूनच ठरलं पाहिजे, मेडिकलवाल्याच्या आठवणीवरून नाही. लेव्होफ्लॉक्सासिन तर शेड्यूल एच-१ मध्ये येतं. चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आहे.

ही फ्लॉक्सासिन घराण्यातली औषधं साधी नव्हेत. टाचेचा किंवा खांद्याचा स्नायुबंध सुजणं, क्वचित तुटणं, हा त्यांचा ठाऊक असलेला धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्येच त्याबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. टाच दुखायला लागली तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, ‘चाललो जास्त म्हणून असेल’ म्हणत बसायचं नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि ही गोळी ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती पोटातच अडकते, रक्तात उतरत नाही. मध्ये किती तास सोडायचे ते डॉक्टरांना विचारा. पेलाभर दुधाबरोबर गोळी घ्यायची आपली सवय इथं चालत नाही.

जंतू नाही सापडला तर

इथं बरेच पेशंट नाराज होतात. ‘रिपोर्टमध्ये काही नाही म्हणे, मग दुखतंय ते काय खोटं?’ खोटं नाही. याला आता जुनाट ओटीपोट-वेदना असंच नाव देतात. कारण एक नसतं. कधी सुरुवात खऱ्या संसर्गानं झालेली असते, जंतू गेला तरी त्या भागातल्या नसा तापलेल्याच राहतात. बऱ्याच जणांत मूळ दुखणं ग्रंथीत नसतंच, ते ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या ताणलेल्या स्नायूंत असतं. मान अवघडली की डोकं दुखतं ना, तसंच खाली. दिवसभर मागावर बसणारा, ट्रक चालवणारा, अनमोड घाटातून मोटारसायकल हाणणारा, काउंटरवर आठ तास बसणारा, यांचे हे स्नायू नकळत आवळलेले असतात. दुखलं की आणखी आवळतात. काळजीनं आणखी.

उपचारही एका गोळीचा नसतो, माणूस पाहून जुळवणी करावी लागते. लघवी अडखळत असेल तर टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात. ती सुरू झाली की दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पटकन उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, म्हणून ती बहुधा रात्री घेतात. आणि वीर्य कमी किंवा अजिबात बाहेर न येणं हा तिचा परिणाम आहे, गोळी थांबवली की पूर्ववत होतं. हे न सांगितल्यामुळे कितीजण घाबरून पुन्हा लॉजवाल्याकडे जात असतील, देव जाणे.

दुखणं आणि सूज कमी करणारी औषधं थोडे दिवस देतात, पण मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असलेल्यांनी ती आपल्या मनानं घेऊ नयेत. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसण्याचा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेकांना उतार देतो. त्याहून मोठा फरक पडतो तो ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीनं. पोट फुगवून सावकाश श्वास, मांड्या आणि जांघा ताणण्याचे व्यायाम, आवळलेल्या जागा मोकळ्या करणं. हे काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट सगळीकडे मिळत नाहीत. मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजांत चौकशी करावी लागते. मोबाईलवर बघून कीगल व्यायाम मात्र परस्पर सुरू करू नका. ते स्नायू आवळण्याचे व्यायाम आहेत. ज्याचे स्नायू आधीच आवळलेत त्याचं दुखणं त्यानं वाढतं.

बसण्याचं तर सांगायलाच नको. अर्ध्या-पाऊण तासानं उठून चार पावलं चालायचं, खाली मऊ गादी घ्यायची, मोटारसायकलचा लांबचा पल्ला थोडे दिवस टाळायचा. तिखट, दारू, जास्त चहा-कॉफी यांनी काहींचं दुखणं उसळतं, काहींना काहीही होत नाही. आठवडाभर सोडून पाहायचं, फरक नसेल तर तांबड्या रश्श्यावर उगाच राग धरायचा नाही. बद्धकोष्ठ मात्र सगळ्यांनाच बाधतो.

हे आधी वगळा

आपल्या भागात दोन आजार या दुखण्याच्या मागे लपलेले असू शकतात, आणि डॉक्टर घाईत असतील तर सुटतात.

पहिला टीबी. टीबी फुप्फुसाचाच असतो हा समज अजून गेलेला नाही. मूत्रपिंड, प्रोस्टेट आणि अंडकोषाच्या मागची वीर्यवाहिनीची गुंडाळी, म्हणजे एपिडिडिमिस, इथंही तो होतो. खुणा अशा : लघवीत पू-पेशी भरपूर पण कल्चर प्रत्येक वेळी कोरी. अंडकोषामागे कडक गाठ, जी फारशी दुखत नाही. वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप. कधी अंडकोषाच्या कातडीला छिद्र पडून पाणी येतं. अशा वेळी तीन दिवस सकाळची पहिली लघवी तपासायला देतात, सीबीनॅट तपासणीही करतात. आता वर सांगितलेली गोष्ट आठवा. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं. म्हणून न तपासता त्याचे कोर्सवर कोर्स दिले तर टीबी काही काळ झाकला जातो, निदान लांबतं, आणि जंतू त्या औषधाला सरावतो.

टीबी निघालाच तर घाबरून जायचं कारण नाही, सहसा सहा महिन्यांत तो बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पेशंटच्या खात्यावर आहारासाठी महिन्याला १,००० रुपये जमा होतात, आधी ते ५०० होते. सीमाभागासाठी खास कामाची गोष्ट म्हणजे निक्षय क्रमांक. नोंद बेळगावात झाली आणि कामासाठी कोल्हापूरला किंवा वास्कोला जावं लागलं, तर तोच क्रमांक दाखवून तिकडे उपचार पुढे चालू ठेवता येतो. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

दुसरा ब्रुसेला. गाई-म्हशींचं वार पडताना, वासरू अडल्यावर उघड्या हातानं काम करणाऱ्यांना किंवा कच्चं दूध पिणाऱ्यांना तो होऊ शकतो. ताप येतो-जातो, सांधे दुखतात, आणि काही पुरुषांत अंडकोष सुजतो. घरात जनावरं असतील तर डॉक्टरांना न विचारताच तसं सांगून टाका. त्यांच्या डोक्यात ते येईलच असं नाही. गोठ्यात एखादी गाय गाभडली असेल तर तेही सांगा.

मधुमेहींचं एक वेगळंच. इंद्रियाच्या टोकाला खाज, लाली, पांढरा थर, कातडी चिरटणं हे प्रोस्टेटचं नव्हे, बुरशीचं काम असतं. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे, आता स्वस्त झाल्यामुळे पुष्कळांना चालू असतात. त्यांच्यात ही बुरशी जास्त होते. मलमानं बरं होतं आणि पुन्हा येतं. गोळी बदलायची का, हे साखरेच्या डॉक्टरांना विचारायचं.

बायकोला सांगायचं का

हा प्रश्न दवाखान्यात सगळ्यात शेवटी, दाराशी उभं राहून विचारला जातो. उत्तर कोणता जंतू यावर आहे. जंतू नसलेलं दुखणं संसर्गजन्य नाही, बायकोला काही होत नाही, संबंध बंद करायचीही गरज नाही. आतड्यातल्या ई. कोलायमुळे झालेला प्रोस्टेटायटिस हाही काही बाहेर जाऊन आणलेला आजार नव्हे. घरात संशयाचं वादळ उठण्याआधी हे एक वाक्य डॉक्टरांकडून बायकोच्या समोर वदवून घेतलं तर पुष्कळ संसार शांत राहतील.

पण क्लॅमिडिया किंवा गोनोरिया निघाला तर दोघांनाही एकाच वेळी उपचार हवा. पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत अंडकोषामागची सूज पुष्कळदा या जंतूंमुळे असते. एकट्यानं गोळ्या खाल्ल्या तर आठ-पंधरा दिवसांत जंतू परत येतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा बोभाटा होतो. बाईला बऱ्याचदा काहीच लक्षण नसतं, पण गर्भनलिकेचं नुकसान होत राहतं. सरकारी जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावानं यासाठी वेगळा विभाग असतो. तपासणी, औषध आणि समुपदेशन फुकट, नाव बाहेर जात नाही. जवळचा पत्ता १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतो.

जांघेत एकाएकी असह्य कळ आणि एक अंडकोष वर ओढल्यासारखा, विशेषतः शाळकरी किंवा कॉलेजच्या पोराला, तर तो संसर्ग समजून सकाळची वाट पाहू नका. पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच अंडकोष वाचण्याची चांगली आशा. तसंच थंडी-तापाबरोबर लघवी तुंबली तर रात्रीच मोठा दवाखाना गाठायचा.

भिंतीवरच्या जाहिराती

‘धातू जाणे’, ‘बालपणीच्या चुका’, ‘शीघ्र इलाज’. रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंती इंदूरपासून हैदराबादपर्यंत याच मजकुरानं रंगलेल्या आहेत. औषधे व जादूटोणा उपाय जाहिरातबंदीचा कायदा १९५४ चा आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या, गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिराती त्यानं बंद केल्यात. भिंतींना ते कळवायचं राहून गेलंय.

संडासला जोर करताना चिकट पाण्यासारखा थेंब आला तर तो बहुतेकदा दाबल्यामुळे बाहेर आलेला प्रोस्टेटचा द्रव असतो. त्यानं शक्ती जात नाही, हाडं पोकळ होत नाहीत. ‘धात जाण्या’च्या या भीतीला डॉक्टर नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम असं नाव दिलं. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे की इथं उपचार भीतीवर करायचा असतो. लॉजवरच्या पुड्यांत काय घातलंय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. भस्मातल्या जड धातूंनी मूत्रपिंडं गेलेली माणसं डायलिसिसच्या खाटांवर सापडतात.

मन खचतं, हेही सांगायला हवं. महिनोन्‌महिने खाली दुखतंय, कुणाला सांगता येत नाही, बायकोशी अंतर पडलंय, झोप नाही. अशा अवस्थेत जीव नकोसा वाटला तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

डॉक्टरांपुढे बोलताना

नाजूक जागेचं दुखणं परक्या भाषेत सांगायचं म्हणजे दुहेरी संकट. लाजेनं आणि शब्दांअभावी माणूस ‘खाली त्रास आहे’ एवढ्यावर आटपतो, डॉक्टर ‘युटीआय’ लिहितात, झालं. बेळगाव-निपाणीकडे कन्नड डॉक्टरांना ‘उरी’ म्हटलं की जळजळ कळते, ‘नोवू’ म्हणजे दुखणं, ‘बावू’ म्हणजे सूज. बडोद्यात ‘पेशाबमां बळतरा’, हैदराबादेत तेलुगूत ‘मंट’, इंदूर-ग्वाल्हेरला ‘जलन’. शब्द नाहीच आठवला तर बोटानं जागा दाखवा, लाजू नका. त्यांनी रोज असे दहा बघितलेले असतात.

आणि फाईल बरोबर न्या. आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, सगळ्या कल्चर, कोणती गोळी किती दिवस घेतली आणि कधी सोडली याचा कागद. घरी ठेवायची अडचण असेल तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पीएसए ही रक्त तपासणी कुणी सुचवली तर चालू संसर्गाबद्दल सांगा. सूज असताना तो आकडा फुगतो आणि कॅन्सरची नाहक धास्ती बसते. सहसा संसर्ग बरा झाल्यावर सहा-आठ आठवडे थांबून ती करतात. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे सरकारी विमा योजना आहेत, महात्मा फुले योजना तर महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू केली. पण या योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी असतात. कल्चर, महिनाभराच्या गोळ्या, फिजिओथेरपी यांचा खर्च बहुधा खिशातूनच जातो. म्हणूनच तर एकच कल्चर नीट आणि वेळेवर झाली की पैसा वाचतो.

सुधारतंय का, हे मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक पट्टी आहे. दुखणं, लघवी आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम यांना गुण देऊन बेरीज ० ते ४३ येते. आपल्या डॉक्टरांकडून ती मागून घ्या, पहिल्या दिवशी भरा आणि महिन्यानं पुन्हा भरा. सहा गुणांनी बेरीज उतरली तर उपचार लागू पडतोय असं धरतात. नाही उतरली, तर त्याच डॉक्टरांकडे तीच फाईल घेऊन परत जायचं.